पिशवी काढून गरम वाफा थांबत नाहीत

'चाळिशीपुढच्या भगिनींनो, सावधान' हा मेसेज काल माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. पाळी जाताना त्रास होत असेल तर गर्भाशयाची पिशवी काढून टाका, हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतोच, जवस-शतावरी पुरेशी आहे आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं तर ती उष्णता, असं त्यात ठासून लिहिलंय. खाली तिचा प्रश्न: "मग काढून घेऊ का गं पिशवी?" म्हणून हे लिहिते आहे.

आधी पिशवीचंच. अंगातून वाफा येतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते, कारण बीजकोशांतून (ओव्हरीतून) येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र बिथरतं. यात पिशवीचा संबंध कुठे आला? ती काढल्याने वाफा थांबत नाहीत. उलट तिच्याबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर वर्षानुवर्षं हळूहळू होणारा बदल एकदम अंगावर येतो. पंचेचाळिशीच्या आत असं झालं तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्याचं 2019 मध्ये सरकारी समितीपुढे आलं. गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी राज्यांनी पावलं उचलावीत, असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. एवढं होऊनही हाच सल्ला आरोग्यसेवा म्हणून फिरतोय, याचा मला संताप येतो.

तरुणपणी बीजकोश गेलेल्या बाईला साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देण्याची सर्वांत जास्त गरज असते. आणि हाच मेसेज त्या हार्मोनना विष ठरवतो!

कॅन्सरच्या भीतीत अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' चाचणीतला दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग 2002 मध्ये थांबवला गेला. त्यात स्तनाच्या कॅन्सरचे रुग्ण वर्षाला दर 10,000 बायकांमागे सुमारे 8 ने वाढले होते. पण त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि पिशवी नसलेल्या ज्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात ही वाढ दिसलीच नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर या गोळ्या सहसा देत नाहीत. अशा बायकांसाठी वाफांवर बिनहार्मोनची औषधं आहेत. पन्नाशीच्या आसपासच्या निरोगी बाईने मात्र डॉक्टरांना सरळ विचारावं. नुसता कोरडेपणा आणि जळजळ असेल, तर आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. ते रक्तात फारच थोडं उतरतं, पण संकोचापोटी कोणी मागतच नाही.

जवस खुशाल खा. वाफांवर त्याचा भरवशाचा गुण दिसलेला नाही.

शेवटचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. वर्षभर पाळी नसताना रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो उष्णतेवर ढकलू नका. पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते. मावशी, तसं कधी झालं तर थांबू नकोस, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी करून घे.