‘वेडा ठरला की सुटला’? कायदा तर वेगळंच सांगतो

खुनाच्या बातमीत आरोपी मनोरुग्ण असल्याचा उल्लेख आला, की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मजकूर फिरू लागतो. वेडेपणाचं सर्टिफिकेट काढा, कोर्टात दाखवा, निर्दोष सुटा आणि सहा महिन्यांत ‘बरे’ होऊन घरी या. अशांना जन्मभर डांबूनच ठेवा, ही मागणीही त्याला जोडलेली असते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचा संताप मी समजू शकतो. पण या मजकुरातलं एकही विधान कायद्यापुढे टिकत नाही.

आधी सर्टिफिकेट. दंड संहितेचं जुनं कलम 84, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 22, आजाराच्या नावावर थांबत नाही. कृत्य करताना, त्या घडीला, आपण काय करतोय किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमताच आजारामुळे उरली नव्हती, हे दाखवावं लागतं आणि ती जबाबदारी आरोपीवर असते. वर्षानुवर्षं गोळ्या घेणारेही इथे दोषी ठरतात. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने पत्नीचा खून केला होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याचा हा बचाव नाकारला. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, तोही आधीचे उपचार, वडिलांचा मानसिक आजार, घटनेनंतर पुन्हा पुन्हा रुग्णालयात न्यावं लागणं, पळून न जाणं, असं सगळं एकत्र तपासून.

‘निर्दोष सुटतो’ यातला ‘सुटतो’ तर साफ चुकीचा. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 373 प्रमाणे, कृत्य याच माणसाने केलं की नाही, हे न्यायाधीशाला निकालात स्पष्ट लिहावं लागतं. केलं असेल, तर कलम 374 खाली दोनच वाटा: सुरक्षित ताबा, म्हणजे न्यायालय ठरवेल तिथे बंदिस्त ठेवणं, किंवा नातेवाईक वा मित्राने स्वतः अर्ज करून, जामीन भरून, सांभाळण्याची हमी दिली तर त्याच्या हवाली. हा बचाव ज्या खटल्यामुळे घडला, त्या इंग्लंडमधल्या डॅनियल मॅकनॉटनला 1843 मध्ये निर्दोष ठरवलं गेलं. 1865 मध्ये तो मेला, तेव्हाही बंदिवासातच होता.

आता ‘सहा महिन्यांत घरी’. खरा अन्याय इथेच आहे आणि तो मजकुरात सांगतात त्याच्या उलट दिशेने होतो. या ताब्याला कायद्यात कमाल मुदतच नाही. जन्मठेपेचा कैदी काही वर्षांनी शिक्षेत सूट मागू शकतो. याला शिक्षाच झालेली नाही, मग सूट कशात मागणार? सोडण्यात धोका नाही असा दाखला मिळाला, तरी पुढचा निर्णय राज्य सरकारच्या हाती. आणि घरच्यांनी पाठ फिरवली असेल तर अर्ज करणार कोण?

फाईल विसरली गेली की काय होतं, ते आसामच्या मचांग लालुंग यांच्या बाबतीत दिसलं. त्यांच्यावर खटलाच चालला नव्हता, म्हणून प्रकरण थोडं वेगळं, पण यंत्रणा तीच. 1951 मध्ये अटक, मग तेजपूरचं मनोरुग्णालय. 1967 मध्ये रुग्णालयाने ते बरे असल्याचं कळवलं, तर त्यांना घरी पाठवण्याऐवजी तुरुंगात नेलं. सुटका झाली 2005 मध्ये. चौपन्न वर्षं!

राहिला प्रश्न जन्मभर डांबण्याचा. समाजाच्या सुरक्षेची काळजी रास्त आहे. पण धोका आज आहे का, हे आज तपासूनच कळेल, वीस वर्षांपूर्वीच्या निकालावरून नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या साध्या रुग्णाला तीस दिवसांहून जास्त ठेवायचं तर पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते: आधी 90 दिवस, मग 120, मग 180. न्यायालयाने ताब्यात ठेवलेल्या माणसासाठीही अशीच ठरलेली मुदत हवी. निकालपत्रातच पुढच्या तपासणीची तारीख लिहावी, त्याला सरकारी खर्चाने वकील द्यावा आणि मृताच्या घरच्यांनाही त्या सुनावणीची नोटीस जावी, म्हणजे त्यांना जे सांगायचं ते मंडळासमोर सांगता येईल.