राउटरला हात लावू नका

घरून काम करणाऱ्या सर्व बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी घरातील वायफाय सुरक्षित करण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. गेल्या आठवड्यात या विषयाचा जो प्रसाद मला मिळाला, त्यातून आलेले शहाणपण मी येथे विनामूल्य वाटत आहे.

वायफायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल क्रमांकच ठेवावा.

वायफायचा पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडून घेणारी डब्ल्यूपीएस नावाची सोय चालू असेल, तर ती तशीच राहू द्यावी. तिचा पिन आठ आकडी असल्यामुळे तो ओळखणे दहा कोटींत एक असे वाटते. परंतु राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा केवळ ताळ्याचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत चोराचे काम भागते. ही गंमत २०११ च्या डिसेंबरातच जगजाहीर झाली, म्हणजे आता ती जुनी झाली आणि जुन्या गोष्टींची काळजी करायची नसते.

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या पोटातले सॉफ्टवेअर, अद्ययावत करताना पाच-दहा मिनिटे नेट बंद राहते. एवढा त्याग आपल्याकडून कोणी अपेक्षू नये.

कार्यालयाचा लॅपटॉप, मुलांचे टॅबलेट, पाहुण्यांचे फोन आणि कुठल्या तरी अनामिक कंपनीचा वायफायवर चालणारा कॅमेरा हे सारे एकाच नेटवर्कवर ठेवावे. सब घोडे बारा टक्के. गेस्ट नेटवर्क नावाची, पाहुण्यांना वेगळे ठेवण्याची सोय राउटरमध्ये बहुधा शोभेसाठी दिलेली असते.

आता मुख्य मुद्दा. राउटर बसवायला आलेल्या माणसाने सेटिंगच्या पानाला जे नाव व जो पासवर्ड ठेवला असेल, तो वडिलोपार्जित ठेवा समजून जपावा. 'अ‍ॅडमिन' हे नाव आणि 'अ‍ॅडमिन' हाच पासवर्ड ही जोडी लक्षात ठेवायला फार सोपी असते, तुम्हालाही आणि जगालाही. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्या पोतडीत अशा साठेक जोड्याच होत्या आणि तेवढ्यावर त्याचे छान भागले. आमच्या एका सहकाऱ्याने ही परंपरा निष्ठेने चालवली होती. शिवाय राउटरचे पान बाहेरून उघडण्याची सोयही त्याच्याकडे चालू होती. ती कोणी चालू केली, हे त्याला आजतागायत ठाऊक नाही. कोणीतरी आत शिरून डीएनएसचा पत्ता बदलला, म्हणजे रस्त्यावरची पाटीच फिरवून ठेवली. मग कार्यालयाचा नेहमीचा पत्ता टाकला की, हुबेहूब तसेच दिसणारे भलतेच पान उघडू लागले. ब्राउझरने लाल अक्षरांत बजावले की, या पानाचे प्रमाणपत्र खरे नाही. आमच्या वीराने 'तरीही पुढे जा' हे बटण दाबले. पासवर्ड भरला, आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही तितक्याच भक्तिभावाने भरला! त्या रात्री त्याच्या नावाने आम्हा सर्वांना पगारपत्रकाची लिंक आली, दोघांनी ती उघडली, आणि सकाळी कार्यालयाने सरसकट सगळ्यांचा प्रवेश बंद केला. माझे काम ऐन मुदतीच्या तोंडावर तीन दिवस अडकले. फोनवर तेच संगीत ऐकत मी चाळीस-चाळीस मिनिटे तिष्ठलो, आणि शेवटी सुरक्षेवरील ज्या प्रशिक्षणात प्रश्नपत्रिका सोडवावी लागते, ते मलाही सक्तीने करावे लागले. राउटर त्याचा आणि परीक्षा माझी.

व्हीपीएनने, म्हणजे कार्यालयापर्यंतच्या कुलूपबंद वाटेने, नेट मंदावते, म्हणून ते बंदच ठेवावे.

एवढे करूनही कोणी टोकलेच, तर 'माझ्याकडे चोरण्यासारखे आहेच काय?' असे हसून विचारावे. नसेल हो तुमच्याकडे काही! पण तुमच्या लॅपटॉपमधून आमच्या सगळ्यांच्या कामापर्यंत वाट जाते, ग्राहकांच्या कागदपत्रांपर्यंत जाते, हे तुम्हाला कोणी सांगायचे? घरातून काम करण्याची मुभा हवी, त्यासाठी भांडायची तयारी हवी, आणि त्या घराला कडी लावायची म्हटली की 'मला त्यातले काही कळत नाही'? राउटर उलटा करा. तळाच्या लेबलावर त्याच्या पानाचा पत्ता छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये टाका, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, बाहेरून नियंत्रणाची सोय आणि डब्ल्यूपीएस बंद करा, वायफायच्या कुलपाच्या प्रकारांत डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा, नसेल तर निदान डब्ल्यूपीए२ निवडा, आणि वायफायला चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांबलचक पासवर्ड द्या. अर्ध्या तासाचे काम आहे. तेवढा वेळ तुम्ही मीटिंगमध्ये 'माझा आवाज येतोय का' विचारण्यात घालवता.

परवा त्या सहकाऱ्याला विचारले, पासवर्ड बदललास का? तो म्हणाला, "रविवारी बघतो रे, या आठवड्यात फार काम साचले आहे."