कन्सोल म्हणतो फॉल्स, चेंडू म्हणतो ट्रू

कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या ज्या चौकटीत प्रोग्राम आपले निरोप छापतो तिथे, फॉल्स (खोटं), फॉल्स, फॉल्स अशी रांग लागली आहे आणि त्याच व्हेरिएबलवर (किंमत साठवायच्या नावावर) लावलेला इफ, म्हणजे 'खरं असेल तरच कर' ही अट, बिनदिक्कत आत शिरतोय. संताप संताप झालाय नुसता.

भाचीनं जावास्क्रिप्टमध्ये आयुष्यातला पहिला गेम लिहिला. पॅडल, चेंडू, वरती विटा. स्पेस दाबेपर्यंत चेंडू जागचा हलायला नको, म्हणून फाइलच्या सुरुवातीलाच तिनं व्यवस्थित लिहिलं होतं: व्हार स्टेटस इक्वल टू फॉल्स, म्हणजे स्टेटस नावाचं व्हेरिएबल, त्याची किंमत फॉल्स. स्पेस दाबली की ट्रू. ड्रॉ फंक्शनमध्ये इफ स्टेटस, तरच चेंडू पुढे. यात कुणाला चूक दिसत असेल तर दाखवा. पण पान उघडलं रे उघडलं की चेंडू सुसाट. पोरीनं इफच्या आधी किंमत छापणारा कन्सोल डॉट लॉग टाकला, अगदी शिकवतात तसा. उत्तर आलं फॉल्स. चेंडू तरी पळतोच आहे. तिनं सगळा गेम पुसून पहिल्यापासून लिहिला. पुन्हा तेच. मग मला म्हणाली, "मावशी, मला इफच कळलेलं नाही बहुतेक. मला नाही जमणार हे."

इथे माझं डोकं फिरलं. अगं, तुला सगळं कळलंय! तुझी एक ओळ चुकलेली नाही!

झालंय काय, तर ब्राउझर स्वतःच पुरवतो त्या विंडो ऑब्जेक्टवर स्टेटस नावाची प्रॉपर्टी आधीपासून बसलेली आहे. ब्राउझरच्या तळाशी जी पट्टी असायची, तिच्यात मजकूर दाखवण्यासाठी. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या जमान्यातली गोष्ट. फंक्शनबाहेर व्हार स्टेटस लिहिलं की नवं व्हेरिएबल तयार होतच नाही, तुमची किंमत गुपचूप त्या जुन्या प्रॉपर्टीत जाते. आणि तिथे फक्त स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर राहतो. म्हणजे फॉल्सची झाली पाच अक्षरी स्ट्रिंग, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग इफच्या लेखी खरीच. त्यावर कडी म्हणजे कन्सोल डॉट लॉग स्ट्रिंग छापताना अवतरणचिन्हं लावत नाही, त्यामुळे तिथे अक्षरशः फॉल्स दिसतं. नवशिक्याच्या हातात एकच हत्यार असतं आणि नेमकं तेच त्याला फसवतं. कन्सोलमधल्या अक्षरांच्या रंगातला फरक ओळखून बुलियन (खरी ट्रू-फॉल्स किंमत) आणि स्ट्रिंग वेगळं करायचं म्हणे. पहिल्याच आठवड्यात कोण ओळखणार?

ती पट्टी आज ब्राउझरमध्ये आहे का? नाही. स्टेटसमध्ये काहीही लिहा, पडद्यावर काहीही उमटत नाही. काम संपलं, सापळा मात्र शाबूत. कन्सोलमध्ये पिवळी ओळ नाही, लाल ओळ नाही, शब्द नाही. नाव बदलून चालू केलं, चेंडू मुकाट जागेवर. व्हारऐवजी लेट लिहिलं असतं तरी चाललं असतं. लेट 2015 पासून भाषेत आहे. मग पोरीनं व्हार का लिहिलं? कारण ज्या धड्यावरून ती शिकली, त्यात अजून व्हारच आहे! त्याच धड्यात डावा बाण म्हणजे कीकोड 37 असंही पाठ करायला लावलंय, जे केव्हाच बाद ठरवलंय. सरळ 'की' ही प्रॉपर्टी वापरा, ॲरोलेफ्ट असं वाचता येण्यासारखं नाव मिळतं. पण नाही.

विंडोवर आधीच बसलेल्या नेम या नावाचंही तेच, त्यात आकडा ठेवा, स्ट्रिंग होऊन परत येतो. टॉप तर त्याहून वाईट. पॅडलची वरची बाजू म्हणून व्हार टॉप इक्वल टू शून्य लिहा, स्ट्रिक्ट मोड (भाषेचे कडक नियम) चालू नसेल तर ते शून्य सरळ फेकून दिलं जातं आणि टॉप म्हणजे अख्खी विंडोच राहते. तिच्यात पाच मिळवा आणि काय येतं ते बघा. गेम लिहिणाऱ्याला सुचणारी नावं हीच असतात हो. टॉप, नेम, स्टेटस. दुसरं काय सुचणार?

आणि कॅनव्हास, म्हणजे पानावर चित्र काढायची जागा! कुठेतरी स्पीडच्या स्पेलिंगमध्ये एक ई जास्त पडला, प्रॉपर्टी अनडिफाइन्ड, बेरीज केली की एनएएन, म्हणजे 'हा आकडाच नाही', आणि तो एनएएन वर्तुळ काढणाऱ्या आर्कला दिला की कॅनव्हास काहीच काढत नाही. एरर देत नाही, नुसता परत फिरतो. नियमच तसा लिहिलाय. चेंडू गायब, कन्सोल स्वच्छ. मला चूक दाखवणाऱ्या भाषेचा राग येत नाही, कितीही खेकसू दे. गप्प बसणाऱ्या भाषेचा येतो. हाय स्कोअर ब्राउझरच्या लोकल स्टोरेज या साठ्यात ठेवला, स्ट्रिंग झाला, पडद्यावरचा आकडा टेक्स्टमधून उचलला, तोही स्ट्रिंग, आणि 9 झाले 10 पेक्षा मोठे. स्कोअरची यादी सॉर्ट केली तर 100 येतात 20 च्या आधी. तिच्या लॅपटॉपवर नीट चालणारा चेंडू माझ्या 144 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 144 फ्रेम दाखवणाऱ्या मॉनिटरवर जवळजवळ अडीचपट वेगानं धावतो, कारण प्रत्येक फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवा एवढंच शिकवलंय, मधे गेलेला वेळ मोजा हे कुणी सांगितलेलंच नाही.

यावर लगेच ऐकवतात, 1995 मध्ये ब्रेंडन आयकनं दहा दिवसांत भाषा उभी केली, समजून घ्या. घेतलं समजून. त्या माणसावर माझा राग नाहीच. जुनी पानं मोडू नयेत म्हणून जुनं काढता येत नाही, हेही मान्य. पण कन्सोलमध्ये एक ओळ छापायला काय जातं? "स्टेटस हे नाव विंडोचं आहे, तुमची किंमत स्ट्रिंग झाली." बस. यानं कुठलं जुनं पान मोडणार आहे?

दुसरे असतात ते म्हणतात, टाइपस्क्रिप्ट (किमतींचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) घ्या, एखादं गेम इंजिन घ्या. अहो, तिला एक चेंडू उसळवायचाय! बिल्ड टूल, कॉन्फिग आणि शंभर पॅकेजं कुठे तिच्या गळ्यात मारता? आणि तिनं मदत मागितल्यावर ज्यांनी तिला "इफ पुन्हा नीट वाच" असं उत्तर दिलं, त्यांनी स्वतः तो कोड एकदा तरी चालवून बघितला होता का? बघितला असता तर तिनं तीच ओळ रात्री उशिरापर्यंत घोकली नसती.

धडे लिहिणाऱ्यांनो, आज बसा आणि तुमच्या पानांवरचे व्हार काढा. आजच.