'घट्ट बसलेल्या लांबीला हात लावू नका' म्हणे!

जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर रिस्टोरेशनला काढली की हा सल्ला कुणीतरी पुढे सरकवतोच: पत्र्याचे खड्डे बुजवायला भरलेली जुनी लांबी (पुट्टी) घट्ट असेल तर राहू द्या, ती पत्र्याला गंजापासून वाचवते. चुंबक चिकटला तर पत्रा ठणठणीत. काढायचीच वेळ आली तर ग्राइंडर फिरवा, नाहीतर सँडब्लास्टला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ करायला पाठवा, तासाभरात मोकळे.

आधी 'वाचवते' बघू. लांबी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात मुख्यतः शंखजिऱ्याची भुकटी. ती ओल धरते. वरचा रंग अखंड आहे तोवर निभावतं, पण ओल बहुतेकदा मागून येते: मडगार्डच्या आत साचलेल्या चिखलातून, दाराच्या तळाशी बुजलेल्या भोकांतून. त्यात आपल्याकडे लांबी पाणी मारून घासायची सवय. सकाळी घासली, दुपारी प्रायमर चढला, की गंजाची सोय गॅरेजमध्येच झाली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो लांबीला खालून उचलतो. रंगावर तांदळाएवढे फोड दिसू लागतात तोवर आतला पत्रा बऱ्याचदा चाळणी झालेला असतो.

'घट्ट' हा पुरावा सर्वांत फसवा ठरतो तो सिलपाशी. फियाट 1100 आणि तिच्यातून आलेली पद्मिनी यांना वेगळी चासी नाही. भार बॉडीच पेलते, आणि दाराखालचं सिल हा त्यातला मोठा आधार. तिथे कुजलेल्या पत्र्यात जाळी, फायबर, प्रसंगी रद्दी कोंबून वर बोटभर लांबी थापलेली निघते. हाताला दगडासारखी लागते. दार लावताना ते किंचित उचलावं लागतंय का, एवढं बघा; लागत असेल तर बिजागरीला दोष देण्याआधी सिल उघडा. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी 2023च्या ऑक्टोबरमध्ये गेली. आता हौशी लोकांकडे उरलेल्या गाड्यांवरून कितीतरी डेंटरांचे हात फिरलेत, आणि प्रत्येकाने आधीच्याचं काम झाकलंय.

चुंबक अगदीच टाकाऊ नाही. पण ताकदवान चुंबक दोन मिलिमीटर लांबीतूनही ओढ घेतो, आणि गंजावर रिव्हेटने ठोकलेल्या ठिगळालाही आनंदाने चिकटतो. फ्रिजवरचा दुबळा चुंबक यापेक्षा जास्त खरं बोलतो. त्याहून बरं म्हणजे रंगाची जाडी मोजणारं मीटर: कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो, आकडा हजारापलीकडे गेला तर खाली लांबी आहे, वाद नको.

ग्राइंडर हा खरा गाडीचा शत्रू. पत्रा जेमतेम 0.8-0.9 मिलिमीटर. 36 नंबरची खरखरीत डिस्क लांबी संपल्यावर थांबत नाही. पत्रा तापून ताणला जातो आणि मग बॉनेट दाबलं की टक-टक वाजतं. ते सरळ करायला पुन्हा लांबीच लागते! त्यापेक्षा हीट गन आणि स्क्रेपर घ्या. लांबी तापून मऊ झाली की कड धरून पापुद्रे निघतात, उरलेला पातळ थर 80 नंबरच्या पेपरने. उघड्यावर, चांगला मास्क लावून. एक अपवाद: 1950च्या आसपासच्या अमेरिकन-ब्रिटिश गाड्यांत सांध्यांवर कारखान्यातच शिसं भरलेलं असतं. मऊ, चकचकीत राखाडी धातू दिसला तर ती कुणाची लबाडी नव्हे. त्यावर ना ग्राइंडर, ना हीट गन. त्याची धूळ विषारी असते आणि 180 अंशांपलीकडे ते वितळू लागतं.

सँडब्लास्टचं थोडक्यात: वाळू मऊ लांबीवरून उसळते, तोवर छपराचा पत्रा वाकतो. अ‍ॅक्सलसाठी ठेवा.

सल्ल्यात एवढं खरं आहे की लांबी स्वतः गुन्हेगार नाही. स्वच्छ पत्रा, त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर दोन मिलिमीटरच्या आत लांबी आणि ती कोरडीच घासलेली, हे वर्षानुवर्षं टिकतं. फक्त त्याच दिवशी प्रायमर मारता येईल तेवढाच भाग उघडा करा. पावसाळ्यात किनाऱ्याकडे उघडा पत्रा सकाळपर्यंत तांबूस होतो.