आजीची चार वर्षं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आजोबांचं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी नातवाच्या हाती दिलं, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल पुन्हा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. ज्याने बापजाद्यांचा धर्म सोडला, त्याच्या नातवाने वारशाची भाषा कोणत्या तोंडाने करावी? बाप्तिस्मा घेताना आजीला कुणी विचारलं होतं का? आणि नातू बंगळूरला राहतो, चर्चची पायरी चढत नाही, मग हे सगळं म्हातारपणीच्या भीतीपोटी नाही का?

दुसऱ्या आक्षेपात तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं आहे, म्हणून आधी तेच.

‘आजी-आजोबांनी नगरला बाप्तिस्मा घेतला’ असं मी लिहिलं. एका वाक्यात दोघांना उरकून टाकलं. खरी गोष्ट अशी की आजोबांनी आधी घेतला आणि आजीने त्यानंतर चार वर्षांनी. ती चार वर्षं ती त्याच घरात राहिली, नवऱ्याला जेवायला वाढत राहिली, आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवत राहिली. मी दहा-अकरा वर्षांचा असताना, इंदूरच्या घरात, तिनेच हे मला सांगितलं. गुडघ्यावर पितळेचं पंचपाळं घेऊन ती बटणं निवडत बसली होती. आम्ही मूळचे शिंपी, सुई-दोरा तिच्या हातचा कधी सुटला नाही. हळदीकुंकवाच्या त्या पंचपाळ्यात बाप्तिस्म्यानंतर तिने बटणं, हूक आणि सुया ठेवायला सुरुवात केली होती. मी विचारलं, “आजी, तू इतकी वर्षं का थांबलीस?” ती म्हणाली, “मला येशूची अडचण नव्हती रे. पेल्याची होती.”

प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेताना, द्राक्षारसाचा पेला एकच असे आणि तो सगळ्यांच्या ओठांना लागे. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये महार आणि मांग कुटुंबं बहुसंख्य होती. त्यांच्यानंतर तोच पेला ओठाला लावायला माझ्या आजीला चार वर्षं लागली. हे लिहिताना आजही लाज वाटते, आणि अभिमानही वाटतो. कारण एके दिवशी तिने तो पेला घेतला, आणि पुढे इंदूरला आल्यावर तिच्या चुलीपाशी कोण बसतंय हे तिने कधी पाहिलं नाही. तिला कुणी विचारलं होतं का, तर नव्हतं. आजोबांनी तिला न विचारता उडी घेतली. पण तिला ओढलंही नाही. ते चार वर्षं थांबले.

आता वारसा. तुमचा मुद्दा अगदी शब्दशः घेतो. धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा इंग्रज सरकारने १८५० मध्येच केला होता. नगर इंग्रजी मुलखात. म्हणजे दोन खोल्या आणि विहिरीतला वाटा आजोबांना मागता आला असता. त्यांनी मागितला नाही. वडिलांनी वाळीत टाकलं, तेही निमूट सोसलं. वडील गेल्याची बातमी पोस्टकार्डाने इंदूरला आली तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत, एवढं आजी सांगायची. तेव्हा वारसा सोडणं म्हणजे काय, हे आमच्या घरात ठाऊक आहे. आणि ज्या महार-मांग कुटुंबांबरोबर आजोबा उपासनेला बसत, त्यांना बापजाद्यांकडून वेशीबाहेरची जागा मिळाली होती. तो वारसा सोडल्याबद्दल त्यांना बोल लावाल का? हे मनापासून विचारतो आहे.

इंदूरला कॅनडाचे प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी १८७७ मध्ये आले. आजोबा पुढे इथे मास्तर म्हणून आले, तेव्हा चर्चमधली उपासना हिंदीत. नगरचं मिशन अमेरिकन, काँग्रिगेशनल पंथाचं. १९२४ मध्ये या दोन्ही मंडळ्या एक झाल्या आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, म्हणजे पाटी पुन्हा बदलली. चर्चमध्ये आम्ही ‘हे हमारे पिता’ म्हणत आलो आणि घरी दिवेलागणीला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. माझ्या हाती काय आलं म्हणाल, तर ही दिवेलागणीची प्रार्थना.

भीतीबद्दल लपवत नाही. मी ८१ वर्षांचा आहे. पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धस्स होतं. पण प्रार्थना मी पाचव्या वर्षापासून करतो.

नातवाचं दुखणं मात्र तुम्ही नेमकं ओळखलंत. माझा मुलगा, म्हणजे या नातवाचा बाप, पंधराचा असताना त्याला नको असताना मी हट्टाने त्याचं दृढीकरण करवलं, म्हणजे आपला विश्वास चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी. त्यानंतर अकरा वर्षं तो नाताळलासुद्धा चर्चमध्ये आला नाही. ती चूक मला पुन्हा करायची नाही. आजोबांनी बापाच्या इच्छेविरुद्ध स्वतःची वाट धरली म्हणून मी आज ख्रिस्ती आहे. मग माझ्या नातवाने स्वतःची वाट धरली, तर त्याला अडवायला मी कोण? दुःख होतं, रात्री त्याच्यासाठी गुडघे टेकतो, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर फक्त जेवलास का एवढंच विचारतो.

बायबलमध्ये आपला तरुण सोबती तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल तीमथ्याच्या विश्वासाबद्दल बोलतो, तेव्हा नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची. हा उतारा मी मंडळीत कितीदा वाचला असेन. तरी लेख लिहिला तो आजोबांवर, आणि नातवाला गोष्ट सांगितली तीही आजोबांचीच. तुमच्यामुळे हे लक्षात आलं.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज दुरुस्त केलं आहे. पंचपाळंही कपाटातून काढलं. चार वाट्या घासून लख्ख आहेत, पाचवीच्या तळाशी कुंकवाचा तांबूस डाग अजून आहे. तो मी घासलेला नाही. नातू नाताळला येणार आहे, तेव्हा त्याला ते दाखवीन आणि तांब्याची आणि पेल्याची गोष्ट सांगेन.