फुकट म्हणे!

आई रोज दिवा लावून झाला की मोबाइल तांब्याला टेकवून कीर्तन लावते. वय ७२. काल बुवा शेवटच्या चरणावर आले, पखवाज चढला, आईने डोळे मिटून हात जोडले आणि नेमकी तेव्हाच एक बाई किंचाळली, "पाच मिनिटांत कर्ज हवंय?" आई दचकली, तांब्याला धक्का लागला, देवासमोर पाणीच पाणी. जाहिरात बंद करायची ती फुली तिळाएवढी! आईच्या थरथरत्या बोटाला ती सापडेना. भलतंच दाबलं गेलं आणि कर्जाचं अ‍ॅप उतरवायचं पान उघडलं. तिथून परत येतोय तोवर दुसरी जाहिरात सुरू.

डोकं फिरतं नुसतं. वर तोंड करून सांगतात, सेवा मोफत आहे. कसली डोंबलाची मोफत? त्या बाईला आमच्या देवघरात आणायला डेटा जातो तो आमच्याच रिचार्जमधला. ज्या साबणाची जाहिरात ऐकून कान किटले, तिचा खर्च त्याच साबणाच्या किमतीत धरलेला असतो. ज्याने आयुष्यात मोबाइलला हात लावला नाही, तोसुद्धा वाण्याकडे वडी घेताना तो भरतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाने २०२३ मध्ये कमावलेल्या दर १०० रुपयांतले जवळपास ९८ जाहिरातींचे होते. हा पैसा आभाळातून पडला का?

आणि पाळत! मागच्या आठवड्यात आईने गुडघेदुखीवर काय करावं ते शोधलं. झालं. तेव्हापासून दर कीर्तनात तेलं, पट्टे, "सात दिवसांत जिना चढा". परवा मला हळूच विचारते, "तो पट्टा मागवूया का रे? इतकं सांगतायत." माझ्या आईच्या दुखऱ्या गुडघ्यावर टपून बसलेत हे लोक!

टीव्हीला निदान तासाला १२ मिनिटांची मर्यादा नियमात तरी लिहिलेली आहे. मोबाइलवर? अभंग तोडा, बातमी तोडा, कुणाचं काही जात नाही. नको असेल तर महिन्याला पैसे भरा म्हणतात. आधी छळायचं आणि मग छळ थांबवायचे पैसे मागायचे, याला आमच्याकडे खंडणी म्हणतात.

आज आईने दिवा लावला, पण मोबाइल उघडलाच नाही. मी लावून देऊ का विचारलं, तर म्हणाली, "नको रे, मधेच ओरडतात."