पाळण्याला काजूचं तेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका (नातवाच्या बारशाची तयारी चाललीय असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो),

नव्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. पाळण्याला काजूच्या टरफलाचं तेल नको, लाख बरी, आणि पोळपाटाला खोबरेल नको, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, आजोबांनी वासे, होडी, पाट सगळं याच तेलांवर राखलं, कुणाला काही झालं नाही. झाडाचं ते चांगलं, डब्यातलं ते विष, आणि मी दुकानदारांची तळी उचलतोय.

वाशांबद्दल वाद नाहीच. काजूच्या तेलाला वाळवी लागत नाही, कारण ते जहाल आहे. ओले काजूगर काढताना बायका हाताला राख नाहीतर तेल चोळतात, ते उगाच नाही. उतलं की कातडी सोलून निघते. बिब्बा याच कुळातला. वासा कोणी चाटत नाही, पण पाळण्याची कड दात येणारं पोर चावणारच. (आणि काजू इथे पोर्तुगीजांनी आणला, तेव्हा 'पूर्वापार' जरा जपून!)

निसर्गाचं म्हणून निर्धोक, हेही पटत नाही. जुन्या चित्रांतला पिवळा हरताळ आणि लाल हिंगूळ खाणीतूनच निघतात. एकात आर्सेनिक, दुसऱ्यात पारा.

खोबरेल विष आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ते वाळत नाही, ही अडचण आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याचं आयोडीन मूल्य (तेल किती वाळतं याचं माप, आकडा मोठा तितकं जास्त वाळणारं) साधारण 170 च्या पुढे, खोबरेलाचं जेमतेम 10. त्यामुळे खोबरेल लाकडात तसंच राहतं, खवट होतं आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात त्यावर बुरशी धरते. माझ्या मते पोळपाटाला काहीच लावू नये. धुवावा, भिंतीला उभा करून वाळवावा. अगदीच कोरडा पडला तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन पुसावं, ते खवट होत नाही.

जवस वापरणार असाल तर कच्चं घ्या. हार्डवेअरवाल्याकडचं 'डबल बॉइल्ड' लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीजची संयुगं घातलेली असतात. आणि पुसलेली फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात! दोरीवर पसरून वाळवा.

आता लाख. ती किड्याची राळ. गोळ्यांवर आणि चॉकलेटवरही चढवतात, खाद्यपदार्थांत तिचा क्रमांक ई 904. चपडी (लाखेच्या पातळ पापड्या) आणून स्पिरिटमध्ये घरीच विरघळवता येते, म्हणजे आत काय आहे ते आपल्याला माहीत. स्पिरिट उडून जातं, राळ उरते. लाख गरम भांड्याखाली मऊ पडते, सोड्याने निघते, म्हणून स्वयंपाकघरात तिचा उपयोग नाही. पावसाळ्यात लावली तर दुधट डाग पडतात, हवेतला दमट बाष्प त्यात अडकतो. दिवाळीनंतरच हात लावा.

दुकानदारांचं म्हणाल तर मेलामाइन पॉलिश मी पाळण्याला सुचवणार नाही. ते कृत्रिम राळेचं असतं आणि वाळल्यावरही काही काळ फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सोडतं.

सावंतवाडीची लाकडी खेळणी घेताना 'नैसर्गिक रंग आहे का' एवढंच विचारून थांबू नका. रंग कोणता, वरचा थर कशाचा, हे विचारा.

तुमच्या पाळण्याबद्दल. तो घरातला जुना आणि रंगवलेला असेल तर तेल-लाखेआधी त्या रंगाकडे बघा. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत हवं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटची खात्री देता येत नाही. तो कोरडा घासू नका, धूळ घरभर होईल. अंगणात, पाणी मारत, तोंडाला मास्क लावून, पोरं लांब ठेवून काढा, आणि निघालेला गाळ परसात टाकू नका. कोरं लाकूड असेल तर कडांना लाखेचे दोन-तीन पातळ हात पुरे.